शेवग्याचा कौल

माझ्या सासूबाई दुबईत आमच्याजवळ राहणार की गावी परत जाणार, हे तीन वर्षांपूर्वी शेवग्याच्या पाच बियांवर ठरलं. त्या बिया मी उकळल्या होत्या.

हे वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली, आणि लिहून झाल्यावर बघतो तर ते एवढंसंच आहे.

मी मुळात कमी बोलणारा माणूस. दुबईच्या देरा भागातल्या एका मालवाहतुकीच्या ऑफिसात एकोणीस वर्षं काढली. कंटेनर कुठे अडकला, कस्टमला कुठला कागद कमी पडला, एवढंच माझं दिवसभराचं बोलणं. गप्प माणसाला लोक सालस समजतात. ही फार मोठी सोय आहे आणि मी ती आयुष्यभर वापरली. 'तुझा नवरा किती शांत गं,' असं बायकोच्या मैत्रिणी म्हणायच्या. बायको म्हणायची, 'शांत नाही, बंद आहेत.'

तेव्हा आम्ही अल कुसैसला एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. मुलगी हॉलमध्ये अभ्यास करायची, हॉलमध्येच झोपायची. माझ्या वाट्याला बाल्कनी होती. बाल्कनी म्हणजे एक खुर्ची, कपडे वाळत घालायची दांडी आणि समोरच्या इमारतीचे एसी. संध्याकाळी ऑफिसातून आलो की अर्धा तास मी तिथे चहा घेऊन बसायचो. त्या अर्ध्या तासात माझ्याशी कुणी बोलायचं नाही हा आमच्या घरचा नियम होता. तो कुणी केला नव्हता, पण मोडतही कुणी नव्हतं.

सासूबाई आल्या त्या फेब्रुवारीत. सासरे जाऊन वर्ष झालं होतं, बायको एकुलती एक, आणि सिंधुदुर्गातल्या त्या घरात सासूबाई, एक मांजर आणि मुलीचे फोन एवढंच उरलं होतं. तीन महिन्यांच्या व्हिजिटवर आणायचं, मग रेसिडेन्स व्हिसा करून कायमचं ठेवून घ्यायचं, असा बायकोचा बेत. अर्ज माझ्या नावानं, माझ्या सहीनं जाणार होता. त्यासाठी मोठं घर बघायला लागणार होतं. मी म्हणालो, 'बघू.'

'इन्शाल्ला म्हणा ना सरळ,' बायको म्हणाली. 'इथल्यांचा इन्शाल्ला आणि तुमचा बघू, दोन्ही एका आईचे.'

पहिला महिनाभर सासूबाई खिडकीशी बसून होत्या. सातवा मजला. खाली गाड्या, वर गाड्यांच्या रंगाचं आभाळ. 'इथली माणसं गाडीतच जन्मतात काय गो?' असं त्या लेकीला विचारायच्या. लेकीशी मालवणी, माझ्याशी मात्र अगदी शुद्ध मराठी. जावयाशी बोलताना त्या जणू शाळेत उभ्या राहत. पण बोलत. फार बोलत. मी बाल्कनीत चहा घेऊन बसलो की मागून येत आणि उंबऱ्यात बसकण मारून सुरू करत. गावातला कोण कुणाशी बोलत नाही, का बोलत नाही, आणि आधी कसा बोलायचा. मी मान हलवायचो. 'तुमच्याशी बोलायला बरं वाटतं, जावईबापू,' एकदा त्या म्हणाल्या. 'विहिरीत बघून बोलल्यासारखं. मध्येच कोण तोडत नाही.'

मग त्यांना झाड सापडलं.

आमच्या इमारतीमागे वाळूचा एक मोकळा तुकडा होता, गाड्या लावायला. त्याच्या कडेला एका मल्याळी गृहस्थाची कॅफेटेरिया. तिच्या एसीचं पाणी नळीतून भिंतीशी ठिबकायचं, आणि त्या ओलीवर शेवग्याचं झाड चांगलं दुमजली वाढलं होतं. मी सात वर्षं त्याच्याखाली गाडी लावत होतो. ते शेवग्याचं आहे हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. टपावर पांढरी फुलं पडतात म्हणून मनातल्या मनात शिव्या तेवढ्या दिल्या होत्या.

सासूबाई दूध आणायला म्हणून खाली उतरल्या आणि तिथेच थांबल्या. 'हा तर शेगूल,' त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून शुद्धात, 'शेवगा. सात वर्षं याच्याखाली गाडी लावता आणि पाला विकत आणता?'

'पाला आणतच नाही,' मी म्हणालो. 'शेंगा आणतो. आमटीत घालायला.'

'घाटावरची माणसं,' त्या लेकीकडे बघून म्हणाल्या. 'हाडं चोखतात आणि मांस टाकून देतात.'

कॅफेटेरियावाल्याला मराठी येत नव्हतं, सासूबाईंना मल्याळम. हिंदी दोघांनाही सारखीच येत नव्हती, त्यामुळे वादाला जागा राहिली नाही. त्या झाडाकडे बोट दाखवून 'शेगूल' म्हणाल्या, तो 'मुरिंगा' म्हणाला, दोघांनी माना डोलावल्या. 'टेक, अम्मा, टेक,' असं म्हणून त्यानं कडक चहाचा कागदी पेला त्यांच्या हातात ठेवला. नंतर तो तिथला दंडकच होऊन बसला. अम्मा आली की चहा.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पडद्याच्या जुन्या दांड्याला तारेचा हँगर वाकवून बांधला आणि आकडी तयार केली. आकडी कुणी धरायची हा प्रश्नच नव्हता. घरात सगळ्यांत उंच मी. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर तोडतो म्हटलं तर त्यांनी जीभ चावली. 'दिवे लागल्यावर पाला तोडतात? झाड निजतं. निजलेल्याच्या अंगावरचं ओरबाडायचं?' तेव्हा पहाटे साडेपाचला, ऑफिसची पँट आणि वर बनियन अशा अवतारात, पडद्याचा दांडा घेऊन मी वाळूतून चालत जायचो. मागे सासूबाई, हातात पिशवी. मुलीनं एकदा वरून बघितलं आणि नाश्त्याला म्हणाली, 'बाबा, धिस इज सो एम्बॅरसिंग. माय होल बस स्टॉप सॉ यू.'

'काय म्हणते?' सासूबाईंनी विचारलं.

'तुमचं कौतुक करते,' बायको म्हणाली.

तोडायचे त्यांचे नियम होते. एका फांदीचा सगळा पाला घ्यायचा नाही. शेंड्याला हात लावायचा नाही. फुलांचा घोस दिसला तर ती फांदी सोडून द्यायची. 'झाडाला उघडं करायचं नाही,' त्या म्हणायच्या. मग घरी येऊन काड्यांवरून बोटं फिरवून बारीक पानं ओरपून काढायची, धुऊन निथळायची आणि सावलीत वाळवायची. उन्हात टाकली तर पिवळी पडतात, म्हणून एसीच्या वाऱ्यात, वर्तमानपत्रावर. दोन दिवसांत पानं हिरवी राहूनच कुरकुरीत होत. ती तळहातावर चुरून बरणीत भरायची. उकळत्या पाण्यात दोन चिमटी, आल्याचा तुकडा, गुळाचा खडा, वर झाकण. हा त्यांचा पाल्याचा चहा.

पहिला घोट मी घेतला तेव्हा पावसात भिजलेली गवताची गंजी चावल्यासारखं वाटलं. मी म्हणालो, 'छान आहे.' दहाव्या दिवशी खरंच छान लागायला लागला. हे मी त्यांना सांगितलं नाही, कारण पहिल्या दिवशीच छान म्हणून बसलो होतो.

त्या चहानं सासूबाई इमारतभर झाल्या. चौथ्या मजल्यावरच्या तमिळ बाईंना एक बरणी गेली, नवव्यावरच्या पुण्याच्या कुटुंबात दोन. कुणाचं गुडघ्याचं दुखणं कमी झालं, कुणाची झोप वाढली. ते चहानं झालं की बडबडीनं, देव जाणे. बायका पाला ओरपायला शिकायला आमच्याकडे येऊ लागल्या. हॉल भरला, टेबल भरलं, कपाटाचा वरचा खण भरला. आणि एका संध्याकाळी मी चहा घेऊन बाल्कनीत गेलो तर माझ्या खुर्चीवर वर्तमानपत्र आणि वर्तमानपत्रावर पाला.

मी उभ्यानं चहा प्यायलो. काहीच बोललो नाही. पण त्या दिवसापासून मनात एकच विचार, की हे आता कायमचं.

इथे मला लिहायला लाज वाटते. सासूबाईंनी माझं काही वाईट केलं नव्हतं. त्या आल्यापासून बायको गुणगुणत स्वयंपाक करायची. मुलगी आजीच्या मांडीवर पाय टाकून मोबाइल बघायची. घरात तिघी सुखात होत्या. मला माझी खुर्ची हवी होती.

मे महिना आला. झाडावरच्या शेंगा वाळून तपकिरी झाल्या आणि आपोआप तडकू लागल्या. सासूबाई त्या गोळा करून आणायच्या, चिरून आतल्या बिया काढायच्या. गोल, काळपट, आणि प्रत्येकीला कागदासारखे तीन पंख. एक बी सोलून त्यांनी मला चावायला दिली. कडू लागली, पण वर पाणी प्यायलो तर पाणी गोड. त्यांना याचं फार अप्रूप. ते कडू तोंड त्यांनी नातीलाही करायला लावलं. बाकीच्या बिया ओट्यावरच्या बरणीत.

व्हिजिट संपायला तीन आठवडे उरले. बायकोनं एका शुक्रवारी जेवताना विषय काढला. 'आई, तू इथेच राहा. हे अर्ज करतील.'

सासूबाईंनी ताटातला भात एका बाजूला केला. 'लेकीच्या घरी पाहुणी म्हणून यावं. बस्तान मांडायचं म्हणजे...' त्या थांबल्या. मग म्हणाल्या, 'कौल लावते.'

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोकणात गावच्या देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर फुलाच्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्न, विहीर, मुंबईची नोकरी, सगळं त्या कळ्यांवर. आणि एकदा कौल मिळाला की त्यावर वाद नाही.

'इथे कुठला गुरव आणायचा?' बायको म्हणाली.

'गुरव नको. पाच बी लावू शेवग्याच्या. पंधरा दिवसांत तीन रुजल्या तर देव म्हणतो राहा. नाही रुजल्या तर मी माझ्या घरी.' आणि माझ्याकडे वळून, 'तुमचं काय म्हणणं, जावईबापू?'

'देवापुढे मी काय बोलणार,' मी म्हणालो.

त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग ताट उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाच चांगल्या बिया निवडून वाटीत घातल्या आणि देव्हाऱ्यापुढे ठेवल्या. संध्याकाळी बाल्कनीतल्या रंगाच्या बादलीत लावायच्या होत्या, माती भरून तयार होती. मग तिघी ऊद मेथाला मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमाला गेल्या. मला थोडी कणकण आहे, असं मी सांगितलं. तेही खोटंच.

घरात कुणी नव्हतं. मी पाल्याचा चहा टाकला. पाणी उकळलं, चहा गाळला, पातेल्यात थोडं पाणी उरलं होतं. मी काही ठरवून केलं नाही असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मी पातेल्यात आणखी पाणी ओतलं, ते उकळू दिलं, देव्हाऱ्यापुढची वाटी आणली आणि पाचही बिया आत सोडल्या. वर झाकण ठेवलं. घड्याळ लावून दहा मिनिटं. मालवाहतुकीतला माणूस, अर्धवट काम करत नाही.

बाहेर काढल्या तर भिजून फुगलेल्या, पंख चिकटलेले. बायकोचा हेअर ड्रायर आणला. पहिल्याच झोतात एक बी ओट्याखाली उडाली. गुडघ्यावर बसून ती शोधली. तिचा एक पंख निघाला होता. तो फ्रिजखाली सापडला, पण परत लागेना. शेवटी ती बी वाटीत सर्वांत खाली ठेवली, पंखाकडची बाजू लपवून. बावन्न वर्षांचा गृहस्थ, संध्याकाळपर्यंत देव्हाऱ्यातल्या गणपतीकडे पाठ करून वावरत होता.

सासूबाईंनी त्या बिया लावल्या. बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत खोल, पंखांसकट. रोज सकाळी पाणी. आठवा दिवस गेला. दहावा गेला. त्या वाकून बघायच्या आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या.

'इथली माती तुमच्यासारखी आहे, जावईबापू,' त्या म्हणाल्या. 'विचारलं तर लगेच उत्तर देत नाही.'

बायकोनं हसून माझ्याकडे बघितलं. मीही हसलो. रात्री झोप लागली नाही.

बाराव्या दिवशी मला राहवेना. सासूबाई आंघोळीला गेल्या तेव्हा मी बरणीतल्या तीन चांगल्या बिया घेतल्या आणि बादलीत खुपसल्या. शेवगा रुजायला आठवडा तरी लागतो, हे मला तोवर कळलं होतं. तरी खुपसल्या. मला वाटतं, तेव्हा मला त्या राहायला नको होत्या आणि जायलाही नको होत्या. मला फक्त दोष नको होता.

पंधरावा दिवस आला. माती सपाट. सासूबाईंनी देवाला हात जोडले आणि बॅग भरायला घेतली. बायकोनं तिकीट काढलं. विमानतळावर त्या लेकीच्या गळ्यात पडल्या, नातीला पाल्याची बरणी दिली आणि मला म्हणाल्या, 'आकडी टाकू नका. शेंड्याला हात लावू नका.'

त्या गेल्या आणि चौथ्या दिवशी बादलीत तीन कोंब आले.

बायको धावत बाल्कनीतून आत आली. फोटो काढला, आईला पाठवला, फोन केला. स्पीकरवर सासूबाईंचा आवाज आला. 'देवाला उशीर झाला, असू दे. विमानाला होत नाही.' आणि त्या हसल्या. बायको रडत होती. 'मी चार दिवस थांबवायला हवं होतं,' ती म्हणाली. 'मीच तिकिटाची घाई केली.' मी तिच्या पाठीवर हात ठेवला. हात ठेवण्याचं धैर्य मला होतं, तोंड उघडण्याचं नव्हतं.

हे ती एकदाच म्हणाली असती तर निभावलं असतं. ती तीन वर्षं म्हणत राहिली. सणावाराला, आईला ताप आला की, आणि एकदा सासूबाई न्हाणीघरात घसरून मनगट मोडून घेऊन पडल्या आणि शेजारणीला दुसऱ्या दिवशी कळलं, तेव्हा. 'चार दिवस, फक्त चार दिवस,' असं म्हणून ती भिंतीला टेकून बसली. मी चहा केला. बाल्कनी पुन्हा माझी झाली होती. मी तिथे बसायचो आणि दहा मिनिटांत आत यायचो.

गेल्या थंडीत सासूबाई पुन्हा आल्या, नातीचं बारावीचं वर्ष म्हणून, दोन महिन्यांसाठी. मनगट जरा वाकडं, बाकी तशाच. आता आम्ही दोन बेडरूमच्या घरात आहोत, त्याच गल्लीत. दुसऱ्या पहाटेच आकडी निघाली. झाड आणखी वाढलं होतं. आमच्या बादलीतली तीन रोपं बायकोनं कॅफेटेरियावाल्याला दिली होती. त्यातलं एक त्यानं भिंतीच्या दुसऱ्या टोकाला जगवलं होतं.

मी वर बघत पाला ओढत होतो, त्या खाली पिशवी धरून उभ्या. त्यांचा चेहरा दिसत नव्हता म्हणून जमलं असावं.

'त्या बिया मी उकळल्या होत्या,' मी म्हणालो.

'कुठल्या?'

'कौलाच्या.'

पिशवीची सळसळ थांबली.

'किती वेळ?'

'दहा मिनिटं.'

'झाकण ठेवून?'

'हो.'

'मग कशा रुजतील,' त्या म्हणाल्या. जरा वेळानं, 'आणि त्या मागनं आलेल्या तीन?'

'त्या मी बाराव्या दिवशी टाकल्या.'

'म्हणजे नाही पण तुम्हीच म्हणालात आणि होय पण तुम्हीच. देवाला काही काम ठेवलंत की नाही?'

मी आकडी खाली घेतली. त्या कॅफेटेरियाच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर. वाकडं मनगट दुसऱ्या हातानं चोळत होत्या. माझ्याकडे न बघता त्या मालवणीत बोलल्या. माझ्याशी पहिल्यांदाच. 'माका हंय रवाचा होता.' मला इथे राहायचं होतं.

मी आकडी भिंतीला टेकवून ठेवली.

'शेवगा कुठेही येतो,' त्या म्हणाल्या. 'फांदी मोडून टाकली तरी येतो. म्हणून तर शेवग्याचा कौल लावला. कळ्यांचा लावला असता तर काय, उजवी नाहीतर डावी. मला ती जोखीमच नको होती.'

'मग राहते, असं सरळ का नाही म्हणालात?'

'जावई राहा म्हणाल्याशिवाय सासू कशी राहील? मी विचारलं होतं की नाही, तुमचं काय म्हणणं? तुम्ही देवाला पुढे केलंत. मग मी पण देवाच्या मागे लपले.' त्यांनी पिशवीतली एक काडी काढून उगाच ओरपली. 'पण का हो? मी जास्त बोलते म्हणून?'

इतक्या वर्षांत मी कुणाला इतकं सरळ उत्तर दिलं नसेल. 'हो,' मी म्हणालो. 'आणि खुर्ची.'

'कुठली खुर्ची?'

'बाल्कनीतली. तिच्यावर तुम्ही पाला वाळवत होता.'

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. 'एक शब्द बोलला असतात,' त्या म्हणाल्या, 'तर मी कपाटावर वाळवला असता.'

कॅफेटेरियावाला दोन चहा घेऊन आला. अम्माचा चेहरा बघून तो पेले ठेवून तसाच मागे फिरला.

'तिला सांगितलंत?'

'नाही.'

'आज सांगा. मी सांगायची नाही. मी सांगितलं तर तिला वाटेल, आईनं माफ केलं.'

'केलंत?'

'चहा निवतोय,' सासूबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी बायकोला सांगितलं. ती मेथी निवडत होती. सगळं ऐकेपर्यंत तिचे हात चालू होते, नंतर थांबले. 'तीन वर्षं,' ती म्हणाली. 'तीन वर्षं मी तिकिटाला शिव्या घातल्या आणि तुम्ही मला चहा करून देत होता.' मी हो म्हणालो. ती उठून आत गेली. दोन दिवस माझं ताट वाढून ठेवलेलं असायचं, वाढणारी समोर नसायची. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता तिनं विचारलं, 'हेअर ड्रायर माझाच?'

'हो.'

'आणि ती उडाली? ओट्याखाली?'

'हो.'

तिला हसू फुटलं आणि हसू फुटल्याचा इतका राग आला की ती आणखी एक दिवस बोलली नाही.

चौथ्या दिवशी रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र केलं. मी भात कालवला आणि तसाच ठेवला. 'तुम्ही इथेच राहा,' मी सासूबाईंना म्हणालो. 'कायमच्या. मला हवं आहे.'

मुलीनं मोबाइलमधून डोकं वर काढलं.

'कौल लावू?' सासूबाई म्हणाल्या.

'नको.'

'का, गॅस संपलाय?'

बायकोनं तोंडावर पदर धरल्यासारखी ओढणी धरली. मुलीला काही कळेना. 'व्हॉट गॅस? व्हाय इज एव्हरीवन बीइंग वियर्ड?' सासूबाईंनी माझ्या पानात आणखी एक वाटी पाल्याची भाजी वाढली आणि म्हणाल्या, 'बघू.' तो शब्द कुणाचा आहे हे त्यांना ठाऊक होतं. मी आठवडाभर रोज विचारलं. आठव्या दिवशी त्यांनी पेटीतून पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला.

सोमवारी ऑफिसातून अर्धा दिवस रजा घेऊन मी त्यांना जवळच्या टायपिंग सेंटरमध्ये घेऊन गेलो. व्हिसाचे अर्ज तिथेच भरतात. त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, फोटोसाठी. काउंटरवर हैदराबादचा एक पोरगेला क्लार्क होता. त्यानं माझे कागद बघितले, त्यांचा पासपोर्ट बघितला, पुन्हा माझ्याकडे बघितलं.

'मदर-इन-लॉ? वाइफ की मदर?'

'हां.'

त्यानं कीबोर्डवरचे हात उचलले आणि आवाज खाली आणला. 'सर, पक्का ना? बाद में कॅन्सल करने को बहुत टाइम लगता है.'

'काय म्हणतो?' सासूबाईंनी विचारलं.

'विचारतोय, नक्की ना.'

'मग गप्प काय उभे राहिलात? सांगा त्याला.'

'पक्का,' मी म्हणालो.

'त्याला ऐकू गेलं नाही,' सासूबाई म्हणाल्या. 'मोठ्यानं.'

'पक्का,' मी पुन्हा म्हणालो. शेजारच्या रांगेतल्या दोन माणसांनी वळून बघितलं, आणि क्लार्क टाइप करू लागला.